बोटातलं कुसळ

आठवीत असताना बाकाच्या फळीचं कुसळ माझ्या बोटात गेलं आणि दोन दिवसांत बोट टरारून सुजलं. जीवशास्त्राच्या तासाला मी हात लपवून बसले होते. बाईंनी पुढे बोलावलं. चांगलं बोट शेजारी धरून त्यांनी आपल्या हाताची मागची बाजू आधी एकाला, मग दुसऱ्याला लावली आणि वर्गाला विचारलं, "काय काय बदललंय?" लाल झालंय, गरम लागतंय, फुगलंय. ठणकतंय, हे मी सांगितलं. "आता वाकव." वाकेना. "हे पाचवं," म्हणत बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: दाह.

यातली पहिली चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवली होती, हे पुढे वैद्यकीय महाविद्यालयात कळलं. कारणं मात्र बाईंनीच सांगितली होती. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती झिरपू लागतात म्हणून सूज. "कुसळ हे कारण, दाह ही शरीराची प्रतिक्रिया, सूज हे तिचं लक्षण. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरायचा नाही." दाह म्हणजे जंतुसंसर्गच असंही नाही, भाजल्यावर, मुरगळल्यावर जंतूंशिवायही दाह होतो. माझ्याकडे शिकायला येणारे डॉक्टर अजून इथेच गोंधळतात, आणि मी बाईंचंच वाक्य म्हणते.

मी आता पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासून रोग ओळखणारी डॉक्टर आहे. दिवसभर गुलाबी-निळ्या रंगवलेल्या स्लाइड्स बघते. पेशीला इजा झाली म्हणजे ती मेलीच असं नसतं. पाणी शिरून फुगलेली पेशी, कारण वेळेत दूर झालं तर, पूर्ववत होते. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर मात्र 20 ते 40 मिनिटांत परतीची वाट बंद होते. मग केंद्रक आक्रसतं, तुकडे होतात, विरून जातं. हा नेक्रोसिस, त्याच्यामागोमाग दाह येतोच. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी स्वतःच आवरतं घेते, शेजारच्या पेशी तिचे तुकडे गिळतात आणि आजूबाजूला दाह उठत नाही. दोन्हींना नुसतं 'पेशीमृत्यू' म्हणून चालत नाही.

मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने 1882 मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझं बोटच दिसलं.

कारण ते कुसळ शेवटी पुवाबरोबर बाहेर आलं, तेव्हा बाईंनी त्यातला थेंब काचपट्टीवर पसरला, निळ्या रंगाने रंगवला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भिंग जुळवून त्या बाजूला झाल्या. मी डोळा लावला. दाटीवाटीने निळे ठिपके, एकेकाला दोन-तीन पाकळ्या. "या तुझ्याच पांढऱ्या पेशी," बाई म्हणाल्या, "त्या कुसळासाठी आल्या होत्या."