वर दाट, खाली पातळ

ऑगस्टातला दिवस. पणजीत पाऊस असा आडवा मारत होता की खिडक्या लावूनही लॅबमधल्या वह्या सर्द झाल्या होत्या. माझी डिचोलीची विद्यार्थिनी तिसऱ्यांदा काच घेऊन आली. "मॅडम, परत तसंच."

काच उजेडाला धरली. पॉलिअ‍ॅनिलिनची हिरवी फिल्म वर शेवाळासारखी दाट, खाली जेमतेम पोपटी. वीज वाहणारं हे प्लॅस्टिक. याच कुळातल्या शोधाला 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमचं काम साधं: सल्फ्युरिक आम्लात अ‍ॅनिलिन, त्यात आयटीओ काच (वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेली) उभी बुडवायची, करंट कायम ठेवून फिल्म वाढवायची.

आधी अ‍ॅनिलिनवर संशय घेतला. जुनं झालं की ते तपकिरी पडतं. पण तिनं सकाळीच ऊर्ध्वपातन केलेलं, पाण्यासारखं स्वच्छ. मग, खरं सांगते, मी तिलाच बोलले: काच तिरकी धरलीस.

नंतर स्टँडकडे लक्ष गेलं. आमच्या लॅब असिस्टंट भाऊंनी लॅबचं वेळापत्रक लोखंडी दांडीला चिकटवलं होतं, जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेल्या चुंबकानं. बीकरच्या अगदी कुशीला.

द्रावणातले आयन चालतात, म्हणजे तो विजेचा प्रवाहच. त्याला चुंबकीय क्षेत्र आडवं आलं की दोघांनाही काटकोनात जोर लागतो. दहावीतला फ्लेमिंगचा डावा हात! आमचा करंट आडवा, क्षेत्रही बाजूनं आडवं, म्हणून द्रव काचेलगत वर सरकत होता आणि अ‍ॅनिलिनच्या रेणूंच्या अर्धवट जुळलेल्या साखळ्यांनाही वर नेत असावा. चुंबक रेणूंना ओढून घेतो, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. अ‍ॅनिलिनला चुंबकाचं काही पडलेलं नसतं. ढवळला जातो तो द्रव.

चुंबक उलटा करून लावला. काचेजवळून निघालेला रंगीत धागा आता खाली उतरत होता. आम्ही दोघी बीकरला नाक लावून बसलो. अर्ध्या तासानं फिल्म खाली दाट, वर फिकी. मग चुंबक काचेच्या मागे, करंटच्याच रेषेत ठेवला. फरक जवळजवळ गेला. चुंबक काढला, तर फिल्म एकसारखी.

तीन आठवड्यांच्या फिल्म बाद झाल्या. तिची मी माफी मागितली. तिनं हसून खिशातला मोबाईल काढला, त्याच्या चुंबकाच्या फ्लिप कव्हरकडे बघितलं आणि तो दूर कपाटावर ठेवून आली. भाऊ मात्र वेळापत्रक हातात घेऊन विचारत होते, "मग हे आता लावू कुठं?"