टूमस्टोन, ॲरिझोना: ॲलन स्ट्रीटवर तिकीट काढू नका

बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा. टूमस्टोन या चांदीच्या खाणींच्या जुन्या गावात गाडी लावून ॲलन स्ट्रीटवर चार पावलं टाकलीत की लांब काळा कोट घातलेला, झुपकेदार मिशांचा, कमरेला पिस्तूल लावलेला एक माणूस अदबीने हॅट उचलून सांगेल, "दहा मिनिटांत गोळीबार सुरू होतोय." त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. गावात गोळीबाराचे खेळ एकाहून जास्त आहेत आणि रस्त्यावर सगळे सारखेच दिसतात. आमच्या मिशाळ गृहस्थाने नाव घेतलं ओ. के. कोरलचं (गावातल्या गाजलेल्या चकमकीला नाव देणारा घोड्यांचा तबेला) आणि नेलं भलत्याच अंगणात. डोक्यावर तापलेला पत्रा, बसायला फळकुटं, कर्ण्यातून फाटका आवाज. खरी चकमक 26 ऑक्टोबर 1881 रोजी दुपारी तीनच्या सुमारास झाली आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात संपली. ह्यांनी पांचट विनोद घालून ती पाऊण तास ताणली. सासरेबुवांनी शेवटी न राहवून विचारलंच, "जावईबापू, हे एकमेकांना मारणार कधी?" पैसे परत मिळणार नाहीत, हे तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. चौघांच्या त्या रकमेत रात्रीची खोली आली असती.

बरं, मूळ चकमकही कोरलच्या आत झालेलीच नव्हती. ती झाली मागच्या बाजूला, फ्रीमाँट स्ट्रीटलगत, फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या घराशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत. एका बाजूला, म्हणजे कायद्याच्या, व्हर्जिल, मॉर्गन आणि वायट हे तिघे अर्प बंधू आणि डॉक हॉलिडे. दुसऱ्या, म्हणजे काउबॉयांच्या, बाजूचे बिली क्लँटन आणि दोघे मॅकलॉरी भाऊ ठार झाले. भांडण पेटवणारा आइक क्लँटन पळून गेला आणि वाचला. ती जागा आज कोरलच्या कुंपणाच्या आत आहे, म्हणजे तिकीट काढावंच लागतं. वेस्टर्न सिनेमे बघत वाढला असाल तर ते कोरलच्या खिडकीवरच काढा. नाहीतर सोडून द्या.

पैसे खर्चायचेच असतील तर सकाळी पहिल्यांदा टफनट स्ट्रीटवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत जा. 1882 ची लाल विटांची वास्तू, आता संग्रहालय आहे. चांदीच्या खाणी, त्यात शिरलेलं पाणी, कज्जे, सगळं नीट मांडलंय, आणि चकमकीबद्दलची दोन वेगवेगळी मतं नकाशांसह शेजारी शेजारी लावलीत. मागच्या अंगणात फाशीचा सांगाडा आहे (नवा बांधलेला). इथे कोणी हॅट उचलत नाही, तिकीटही स्वस्त. आधी हे पाहिलं असतं तर त्या पत्र्याखाली बसावं लागलं नसतं.

दुसरं बघण्यासारखं ठिकाण म्हणजे बर्ड केज हे जुनं थिएटर. 1882 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, हे थिएटर मात्र बचावलं. आत धूळ आहे, वस्तू कशाही रचल्यात, भिंतींत गोळ्यांची भोकं दाखवतात. पण नाटकी नाही. जा. भुताची रात्रीची फेरी मात्र घेऊ नका, दिवसाच पुरे.

बूटहिल स्मशान हायवे 80 ला लागूनच आहे. अर्धा तास खूप झाला. कबरींवरच्या पाट्या नंतर नव्याने केलेल्या आहेत, त्यामुळे फार भारावून जाऊ नका. 1885 साली लावलेला, जगातला सर्वात मोठा म्हणवणारा गुलाबाचा वेल फक्त मार्च-एप्रिलमध्ये बघावा. इतर वेळी तो एक मोठा मांडव आहे, बस्स.

खाण्याचं म्हणाल तर सलूनमध्ये शाकाहारी माणसाच्या वाट्याला बटाटा आणि चीज एवढंच येतं. दशम्या बांधून न्या.

दुसऱ्या दिवशी बिस्बीला गेलो. अर्ध्या तासावर आहे, तांब्याची खाण आतून दाखवतात, आत गारठा असतो, जाकीट लागतं. दिवस उत्तम गेला, त्यामुळे त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

टूसॉनहून टूमस्टोन साधारण 110 किलोमीटर. आय-10 वरून बेन्सनला उतरायचं आणि हायवे 80 धरायचा. गाव चौदाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून हवा टूसॉनपेक्षा बरी, पण जूनचं ऊन भाजून काढतं. जुलै ते सप्टेंबर दुपारी वादळी पाऊस येतो, आणि पाणी वाहत असलेल्या रस्त्यात गाडी घालायची नसते.

आता जे कोणीच सांगत नाही ते. परतताना, उत्तरेकडे जाताना, हायवे 80 वर सीमा गस्तीचं तपासणी नाकं लागतं. मेक्सिकोची हद्द जवळ आहे. चालू असेल तर प्रत्येक गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील तर त्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-94 ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत हाताशी ठेवा, ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड. मोबाइलमधल्या फोटोवर भागेल असं समजू नका. आमचे पासपोर्ट डिकीतल्या सर्वात खालच्या बॅगेत होते. वर दशम्यांचा डबा, त्याच्यावर सासूबाईंनी विकत घेतलेला कॅक्टस. अधिकारी सभ्य होता, पण मागे गाड्यांची रांग लागली होती आणि काटे मला लागले.