पाणी वर कोण चढवतं?

मी मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. दहावीला विज्ञानात मला जेमतेम मार्क होते, शाळेच्या दप्तरात ते नोंदलेले आहेतच. तरी शाळेतला एक धडा मी रोज वापरतो आणि त्यावर माझं घर चालतं.

आमचे विज्ञानाचे सर कोण, हे त्या काळच्या मुलांना सांगायला नको, आणि नाव छापलेलं त्यांना आवडणारही नाही. त्यांचा नियम एकच. प्रयोगाआधी काय होईल ते वहीत शाईने लिहायचं. अंदाज चुकला तर सर काही म्हणत नसत. वही कोरी दिसली तर मात्र अंगठे धरून उभं राहावं लागे.

आठवीत त्यांनी गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला. तळाशी थोडं पाणी घालून स्टोव्हवर ठेवला. तोंडातून वाफ जोरात यायला लागली तसा खाली उतरवला, बूच घट्ट बसवलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा फुटणार, असं आम्ही बहुतेकांनी लिहिलं होतं. तो कडाकडा आवाज करत आत चेपला. मग फळ्यावर हिशेब झाला. डब्याची एक बाजू 23 सेंटिमीटर रुंद, 35 उंच, म्हणजे सुमारे 800 चौरस सेंटिमीटर. हवेचा भार दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. म्हणजे एका बाजूवर 800 किलो! एरवी आतली हवा तेवढ्याच जोराने बाहेर रेटते म्हणून डबा टिकतो. वाफेने ती हवा हुसकली, वाफेचं पाणी झालं, आणि आतून रेटणारं कुणी उरलं नाही.

एका मुलीने विचारलं, "सर, मग नळीने सरबत पितो ते आपण ओढतो, की हवा ढकलते?" त्या प्रश्नाला सरांनी पुढचा अख्खा आठवडा दिला, मराठीच्या बाईंचा एक तास उसना घेऊन.

इटलीतल्या कारागिरांचे पंप पाणी साधारण दहा मीटरच्या वर खेचू शकत नव्हते. गॅलिलिओने ही अडचण 1638 मध्ये लिहून ठेवली. त्याला वाटलं, पाण्याचा खांब स्वतःच्याच वजनाने तुटत असावा. तिथल्याच तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने उलट बाजूने विचार केला. बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते आणि तिचा जोर संपतो तिथे पाणी थांबतं. पाण्याच्या 13.6 पट जड असलेला पारा घेतला की तीच उंची 76 सेंटिमीटरवर येते, टेबलावर मावते. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने 1644 च्या एका पत्रात लिहिलं.

शाळेत पारा नव्हता. सरांनी गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली आणि आम्हाला ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीखाली नेलं. नळीत लाल शाईचं पाणी भरलं, वरचं तोंड दुमडून तारेने आवळलं, खालचं बादलीत बुडवलं. शिपाईमामा जिन्याने वर गेले आणि दोरीने नळी ओढू लागले. नऊ मीटरपर्यंत नळी तुडुंब होती. त्याच्या थोडं वर लाल रंग थांबला. मामा नळी ओढतच होते, पाणी जागचं हलेना. मग मामा वरून ओरडले, "अहो सर, पाणी उकळतंय की हो! आणि हाताला तर गार लागतंय!"

पुस्तकात 10.3 मीटर होतं, आमचं 9.3 च्या आसपास आलं. मी पुस्तकातला आकडा लिहायला निघालो होतो, सरांनी मोजलेलाच लिहायला लावला. पुस्तकातला आकडा समुद्रकिनाऱ्याचा, आपलं गाव त्याहून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब कमी. शिवाय नळीत वर मोकळी जागा झाली तिथे पाण्याची वाफ आणि पाण्यातून सुटलेली हवा जमते, ती पाण्याला थोडं खाली दाबते. मामांना दिसलेलं उकळणं तेच होतं.

महाबळेश्वरच्या सहलीत सरांनी प्लास्टिकची रिकामी बाटली वर असतानाच झाकण लावून पिशवीत टाकली. पसरणीचा घाट उतरून वाईला आलो तर ती चेपलेली. तोवर आमचे अंदाज बरोबर यायला लागले होते.

आता माझा धंदा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की दुकानात एकच प्रश्न येतो, "मोटार पाणी ओढेना. पाच एचपीची (हॉर्सपॉवरची) काढून साडेसातची टाकू का?" काठावर बसवलेला पंप फक्त आतला दाब कमी करतो, पाइपातून पाणी वर चढवणारी बाहेरची हवाच. आपल्या भागात तिचा जोर साडेनऊ मीटरचा. पाइपातलं घर्षण आणि फूटव्हॉल्व्हची, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेची, अडवणूक वजा करा, भरवशाचे सहा-सात उरतात. त्यापुढे मोटार दहाची टाका नाहीतर वीसची, हवा काही वाढत नाही. पंप खाली उतरवून पाण्याजवळ न्यायचा. तिथून पुढे वर फेकायचं काम मोटारीचं, त्याला एचपी लागते. बोअरमधला सबमर्सिबल पंप पाण्यात बुडूनच बसतो, म्हणून तो 100 मीटर खालूनही पाणी देतो.

ज्यांना पटत नाही ते मोठी मोटार बसवतात. काही दिवसांनी पंपात खडे घुसल्यासारखा आवाज येतो. उघडून पाहिलं तर खडा एकही नसतो, इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, मात्र खरवडलेला. दाब फार उतरला की पाणी गारच्या गार उकळतं, त्याचे बुडबुडे पात्यांवर फुटतात आणि धातू कुरतडतात. शिपाईमामांनी टाकीवरून ओरडून सांगितलं होतं, तेच हे. माझं बिल होतं, पण असं बिल घ्यायला बरं वाटत नाही.

आपल्या शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी मी एक जुना पंप उभा कापून, इम्पेलर आणि पाण्याची वाट दिसेल असा रंगवून ठेवला आहे. सोबत बारा मीटर जाड पारदर्शक नळीही देतो. पातळ नळी चपटी होते. शाळेची इमारत आता तीनमजली आहे, तेव्हा टाकीवर जायची गरज नाही. गच्चीवर एक कप्पी तेवढी बसवून घ्यावी, आणि नळी ओढायच्या आधी वह्या तपासाव्यात.