पंचवीस वर्षं शिकवलंय, आता कसलं प्रशिक्षण?

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाला सुलभक, म्हणजे प्रशिक्षण चालवणारा, म्हणून जातो हे कळलं, की साताऱ्यात हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खुर्ची सेवाज्येष्ठतेनं मिळते. त्या दिवसापासून यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराचा साठा, शालार्थ प्रणालीतली पगाराची बिलं, व्यवस्थापन समितीच्या सभा हे सगळं अंगावर येतं. ते जमून जातं. अडलं तर शेजारच्या शाळेला फोन लावता येतो. पण सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसून काय बघायचं आणि नंतर त्याच्याशी काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. वर्गनिरीक्षणाची लॉगबुकं चाळा, तेच ते शेरे: 'पाठ समाधानकारक. फलकलेखन सुवाच्य.' हे वाचून शिक्षकानं उद्या काय बदलावं?

म्हणून मी मुख्याध्यापकांना चालू वर्गात नेतो. पाटण तालुक्यातल्या एका शाळेत हातच्याची वजाबाकी चालली होती. फळ्यावर ५०२ वजा १७८. बाईंनी "समजलं का?" विचारलं, वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणाला. मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या वहीत उत्तर होतं ४७६. प्रत्येक घरात तिनं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. दशकाच्या घरात शून्य, मग हातचा आणायचा कुठून? मुख्याध्यापकांनी ते टिपून घेतलं, मधल्या सुट्टीत वही बाईंसमोर ठेवली आणि एवढंच विचारलं, "हिनं असं का केलं असेल?" बाईंनी वही दोनदा पाहिली. मग आपणहून म्हणाल्या, "सर, उद्या काड्यांचे गठ्ठे घेते. शतक सुट्टं करून दाखवायला हवं." हे विचारणं सरावानंच येतं, आणि त्यासाठीच प्रशिक्षण.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण धरलंय, त्यात व्यवस्थापनाबरोबर अध्यापनशास्त्रही आहे. हे तास सभागृहात पीपीटी बघण्यात गेले, तर मला ते वाया गेल्यासारखेच वाटतात. आपलं डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, फलटणला. कोयनाकाठच्या माणसाचा जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेला वेगळा मुख्याध्यापक मिळतो तो पट १५०च्या वर गेल्यावर. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचं काम बघणारा शिक्षकच निम्म्या इयत्ता सांभाळतो, तो बाहेर पडला की मुलांचा दिवस बुडतो. म्हणून हे प्रशिक्षण आपल्या केंद्रातल्याच (आसपासच्या शाळांच्या गटातल्याच) शाळेत, शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातले शिक्षक एकत्र जमतात त्या दिवशी, पहिल्या तासाला वर्गात बसूनच व्हावं, असं मी प्रत्येक बैठकीत मांडतो.