पाच तबकड्या, दहा बाजू

तुम्ही विचारलंत म्हणून. साठच्या दशकातल्या ‘द ॲक्शन’ या ब्रिटिश बँडचं नाव निघालं की प्रश्न ठरलेला असतो: बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन पाठीशी होते, तरी हा बँड चालला का नाही? त्यालाच जोडून दुसरा: आज ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी?

बँड उत्तर लंडनच्या केंटिश टाउनचा. गायक रेग किंग, गिटारवर ॲलन किंग आणि पीट वॉटसन, बेसवर माइक इव्हान्स, ड्रम्सवर रॉजर पॉवेल. (किंग दोन आहेत. गातो तो रेग. गल्लत नेहमी होते.) आधीचं नाव ‘द बॉइज’. १९६५ मध्ये मार्टिन यांनी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची नोकरी सोडून सहकाऱ्यांबरोबर ‘एआयआर’ ही निर्मितीसंस्था काढली आणि सुरुवातीलाच या पाच जणांना घेतलं. तबकड्या मात्र ईएमआयच्याच पार्लोफोन लेबलवर निघाल्या. ऑक्टोबर १९६५ ते जून १९६७ या काळात पाच सिंगल्स (प्रत्येक बाजूला एक गाणं असलेल्या छोट्या तबकड्या) आल्या, म्हणजे एकूण दहा बाजू. एकही ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत चढली नाही.

गोम इथेच आहे. त्यांचा श्रोता म्हणजे त्या काळातली ब्रिटिश तरुण ‘मॉड’ मंडळी: नेटके कपडे, स्कूटर, रात्रभर नाच आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताचं वेड. वॉर्डर स्ट्रीटवरच्या मार्की क्लबात ॲक्शन ‘मोटाउन’ या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवायचे, तेव्हा हाच श्रोता समोर नाचत असायचा. पण मार्च १९६५ मध्ये ईएमआयनेच ‘टॅमला मोटाउन’ हे लेबल ब्रिटनमध्ये सुरू केलं. म्हणजे मूळ गाणी आता कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळायला लागली. रंगमंचावर मोटाउन वाजवणारा बँड हवाच होता, पण पैसे मोजायचे तर मूळ तबकडीला. आमच्या मते मुख्य घाव हाच. शिवाय विक्री होत होती तीसुद्धा त्याच कंपनीच्या दुसऱ्या खिशात जात होती!

दुसरं कारण वेळेचं. जुलै १९६६ च्या तिसऱ्या सिंगलनंतर चौथी आली थेट फेब्रुवारी १९६७ मध्ये. मधल्या सात महिन्यांत लंडनची हवाच पालटली. मोटाउन मागे पडून सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नवत, गुंगीतल्यासारख्या संगीताचा रंग चढला. वॉटसनही बाहेर पडला. चौथ्या सिंगलची ‘नेव्हर एव्हर’ आणि ‘ट्वेंटी फोर्थ अवर’ ही स्वतःची गाणी चांगली आहेत, पण तोवर उशीर झाला होता. आणि बँड हयात असताना एकही एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, निघाली नाही. १९६७ मध्ये एलपी नसणं म्हणजे नावावर सातबारा नसण्यासारखं.

आता ऐकायचं कसं? जोडीजोडीने. आधी मार्व्हलेट्सचं ‘आय विल कीप होल्डिंग ऑन’, मग लगेच ॲक्शनचं. मूळ गाणं मुलींचं, मागे मोटाउनचा भरगच्च वाद्यवृंद. ॲक्शनकडे दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि मागचे आवाज. एवढ्यावर तो सगळा पसारा उभा केलाय, आणि रेग मुलींच्या गाण्याचा पुरुषी तोरा करत नाही. तो अगतिकता तशीच ठेवतो. दुसरी जोडी ‘सिन्स आय लॉस्ट माय बेबी’ची: मूळ गाणाऱ्या टेम्प्टेशन्सकडे व्हायोलिनं, इथे तो भार गिटार आणि साथीच्या आवाजांवर. ही ‘बी’ बाजू, म्हणजे तबकडीची मागची बाजू होती. आमच्या लेखी दहातली सर्वांत सरस.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. इव्हान्सचा बेस त्यात पार गायब होतो, आणि पॉवेल त्याच बेसला धरून वाजवतो. मग उरतं ते नुसतं गोड पॉप, आणि ‘यात काय विशेष?’ हा शेरा तिथूनच येतो. मूळ सिंगल्स मोनो आहेत, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. निवड असेल तर मोनोच घ्या.

संग्रह एकच पुरे: १९८० चा ‘द अल्टिमेट ॲक्शन’. त्याच्या वेष्टनावरची टिपणं ‘द जॅम’ बँडच्या पॉल वेलरने लिहिली आणि नव्या पिढीला हे नाव कळलं. १९६७-६८ ची न निघालेली ध्वनिमुद्रणं ‘रोल्ड गोल्ड’ नावाने मिळतात, पण सुरुवात त्यावरून करू नका. ते कच्चे डेमो आहेत. बँडही तोवर बदलला होता, इयान व्हाइटमन आणि मार्टिन स्टोन आले होते. आर अँड बी (हेच मोटाउन वळणाचं संगीत) शोधायला जाल आणि हाती सायकेडेलिया येईल. रेग बँड सोडून गेल्यावर उरलेल्यांनी ‘मायटी बेबी’ नाव घेतलं. रोल्ड गोल्डनंतर त्यांची १९६९ ची पहिली एलपी लावली की धागा जुळतो.

आणि १९७४ चं ‘हाउ लाँग’ तुम्ही कधीतरी ऐकलंच असेल. ते ‘एस’ या बँडचं. त्यात गिटारवर आहे तो हाच ॲलन किंग.