साडेसहाशे भागिले पाचशे

कोल्हापुरात माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. तिरुपतीला जायचं म्हटलं की इथल्या माणसाच्या तोंडी एकच नाव, हरिप्रिया एक्सप्रेस. एक अख्खी रात्र गाडीत काढायची, डबा बांधून न्यायचा. 2019 मध्ये थेट विमान सुरू झालं आणि माझ्याकडे कागलकडचे एक काका आले. आई ऐंशीच्या पुढची. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, तो ती दरवर्षी बघते. आता एकदा बालाजीला जायचं, तेही विमानानं.

तीनशे रुपयांच्या दर्शनाची वेळ मीच धरून दिली, आणि तिथंच माती खाल्ली. फोनवरच्या नकाशात आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळापासून तिरुपतीच्या रेणीगुंटा विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, साडेसहाशे किलोमीटर भरली. एटीआर, म्हणजे पंख्यांचं ते छोटं विमान, ताशी पाचशेच्या आसपास उडतं. भागाकार केला, एक तास वीस मिनिटं. तिकिटावर पावणेदोन तास होते. म्हटलं, उशीर झाकायला कंपन्या वेळ फुगवतातच की. वरची पंचवीस मिनिटं मी खुशाल दर्शनाच्या हिशेबात घातली.

आजी पहिल्यांदाच उडणार म्हणून सोडायला गेलो. त्यांना आत धाडून कुंपणाजवळ उभा राहिलो. दार लागलं तेव्हा सहज घड्याळ बघितलं. मग नुसतीच सामसूम. बऱ्याच वेळानं सहा पात्यांचे ते दोन पंखे फिरायला लागले. विमान हललं, ते धावपट्टीवरून रमतगमत पार टोकापर्यंत गेलं, तिथं वळलं, थांबलं. चाकं उचलली तेव्हा दार लागून सतरा मिनिटं झाली होती. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडं जाऊन उभं राहिलं की संपते, हे मला कुंपणाला टेकून कळलं. शिवाय ताशी पाचशे हा वेग वर पोचल्यावरचा. चढताना, उतरताना, धावपट्टीसमोर यायला वळसा घेताना तो कुठला मिळायला?

ऑफिसात परत आलो, पण कामात लक्ष लागेना. काकांचा फोन आला तो रेणीगुंट्याहून. बॅगा अजून यायच्या होत्या. पुढं तिरुपती शहर, डोंगराच्या पायथ्याला अलिपिरीत गाडीची तपासणी, मग देवळाकडं चढणारा घाट. यातलं काहीच माझ्या भागाकारात नव्हतं. "पाव्हणं, गाठतोय न्हवं आम्ही?" काकांनी विचारलं. मी "व्हय व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. वर देवळात मोबाइल आत नेऊ देत नाहीत हे ठाऊक असूनही मी दर पाच मिनिटांनी लावत होतो.

रात्री फोन वाजला. रांगेच्या दारात पोचले तेव्हा दिलेल्या वेळेतली बारा मिनिटं उरली होती. दर्शन झालं. काका हसत होते. विमान जमिनीवरनंच चाललेलं बघून आजींनी शेजारच्याला विचारलं होतं म्हणे, "ह्ये उडणार हाय, का असंच रस्त्यानं न्यायचं?"

मग त्यांनी फोन आईकडे दिला.

"लई ग्वाड दर्शन झालं बघ," आजी म्हणाल्या. "आता येताना हरिप्रियाचीच तिकिटं काढ. आडवं पडून तरी येता येतंय."