नर की मादी?

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बोळांत पपई कोणी लावत नाही, ती उगवते. पावसाळ्यात मोरीच्या कडेला दोन पानं डोकावतात आणि बघता बघता ती माणसाच्या डोक्यावर जाते. मग घरात एकच चर्चा: नर की मादी?

फुलं येईस्तोवर पत्ता लागत नाही. मादीचं टपोरं फूल खोडाला बिलगून बसतं, नराची बारीक फुलं लांब दांड्यांवर झुपक्यांनी लोंबतात. एकाच फुलात दोन्ही असलेली तिसरी जातही असते, तिला फळ धरतं. नर निघाला की शेजारच्या बेन भिंतीवरून सांगणार, "खीलो ठोकी दो!" खोडात खिळा ठोकला की म्हणे झाड सुधारतं. खरं तर ऋतू पालटला की एखादा नर आपणहून लांब देठांवर चार फळं धरतो. तेवढ्यात खिळा ठोकलेला असला, तर श्रेय खिळ्याला.

झाड तरी कशाला म्हणायचं? खोडात धड लाकूड नाही, आत पोकळी. फांद्या सहसा नाहीत, गळालेल्या पानांचे वण तेवढे खालपासून वरपर्यंत. पानाचा देठही पोकळ; लहानपणी त्यातून साबणाचे फुगे उडवायचो, आणि त्याचा कडू चीक ओठाला लागला की थू थू करत नळाकडे धावायचो.

डेंग्यूच्या दिवसांत या पानांना पाय फुटतात. सकाळी बघावं तर झाडाला शेंडा तेवढा शिल्लक! पाल्याचा रस नाक दाबून प्यायचा आणि प्लेटलेट वाढल्या की पपईचा जयजयकार. ताप उतरल्यावर त्या बहुतेकांच्या आपोआपच वाढतात, पण हे त्या वेळी कोण ऐकून घेणार? रस प्यायचा तर प्या, डॉक्टरांना आणि रक्ततपासणीला मात्र चुकवू नका. गरोदरपणी कच्ची पपई नको, हे आजीचं म्हणणं डॉक्टरही मानतात. त्याला कारण तो चीकच.

त्याच चिकात पपेन असतं, प्रथिनांचे तुकडे पाडणारं. म्हणून मटण शिजवणारे कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात. आणि म्हणूनच, मला वाटतं, बेसनाच्या फाफड्याच्या पुडीत संभारो, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, असतो. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची ही वनस्पती 16व्या शतकात पोर्तुगिजांबरोबर इकडे आली म्हणतात. तिला बेसनाशेजारी प्रथम कोणी बसवलं कोण जाणे. कच्ची पपई जाडसर किसायची. तेलात मोहरी, हिंग, हळद, उभी चिरलेली हिरवी मिरची. कीस टाकून दोनदा परतायचा की गॅस बंद. कचकच राहिली पाहिजे. फोडणीनंतर त्यात पपेन किती उरतं हा भाग वेगळा, पण तळलेलं बेसन त्याच्याशिवाय घशाखाली उतरत नाही. संभारोचे पैसे कोणी लावत नाही. दुसऱ्यांदा मागितला, तर फाफडावाला आधी आपल्याकडे बघतो, मग चिमूटभर टाकतो.